येतं, पण ऐकू येत नाही

कारखान्यात त्यांना सगळे वैद्य म्हणत. यंत्र कुरकुरायला लागलं की ते लांब स्क्रूड्रायव्हर घेत, त्याचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून उभे राहत. मग सांगत, डावीकडचं दुसरं, अजून आठवडाभर काढेल. आणि ते बेअरिंग खरंच आठवड्याने जायचं. खोक्यांवर छपाई करणाऱ्या त्या कारखान्यात त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली होती, आणि एवढ्या वर्षांत कानाने त्यांना एकदाही तोंडघशी पाडलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी कारखान्यात परदेशातून नवं यंत्र आलं. लांबी चाळीस पावलं, आणि सोबत जाडजूड पुस्तकांचा गठ्ठा. पुस्तकं सगळी तिकडच्या भाषेत. जे भाषांतर पाठवलं होतं ते इतकं अगम्य होतं की त्यावरून साधा दिवा बदलायचा म्हटलं तरी घाम फुटावा. वैद्यांचा स्वभाव असा, की समोरची वस्तू कळत नसली की त्यांना चैन पडत नसे. त्यांनी शब्दकोश आणला आणि रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पुस्तक उघडून बसू लागले. पहिल्या वर्षी दिवसाला चार ओळी. पाचव्या वर्षी ते पुस्तक वर्तमानपत्रासारखं वाचत होते. तिकडच्या कंपनीला पत्रं लिहीत होते आणि पत्रांना उत्तरंही येत होती.

फोनवर बोलायचं काम मात्र ऑफिसातल्या एका दुभाष्याचं होतं. यंत्र अडलं की तो फोन लावायचा आणि तिकडची इंजिनिअर काय सांगते ते वैद्यांना सांगायचा. त्याला दुसरीकडे चांगली नोकरी लागली आणि तो पंधरा दिवसांत निघून गेला. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांना बोलावून विचारलं, आता फोनवर कोण? कुणीतरी वैद्यांकडे बोट दाखवलं. खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं, की साहेब, मी वाचतो, लिहितो, पण ही भाषा कानाने कधी ऐकलेली नाही. पण सगळे कौतुकाने बघत होते. वैद्यांच्या तोंडून निघून गेलं, "बघू, जमेल की."

पहिल्या फोनलाच सगळं वेगळं निघालं. पुस्तकात शब्द कसे सुटेसुटे, प्रत्येकाच्या आजूबाजूला मोकळी जागा. इथे शब्द असे नव्हतेच. एक लांबलचक, न तुटणारा आवाज होता, वर जाणारा, खाली येणारा, आणि त्यात मध्येच कुठेतरी 'रोलर' नाहीतर 'हवा' असा ओळखीचा चेहरा दिसून जायचा. वैद्य त्या एका शब्दाला धरून बसायचे, तोवर पुढचं वाक्य डोक्यावरून गेलेलं असायचं. तिकडची इंजिनिअर थांबली की वैद्य म्हणायचे, हो. ती पुन्हा बोलायची. वैद्य पुन्हा हो म्हणायचे. फोन ठेवल्यावर ते यंत्रापाशी जाऊन स्वतःच्या अकलेने दुरुस्ती करायचे. यंत्र त्यांना इतकं पाठ होतं की तीन महिने हे खपून गेलं. पण फोनवर आपल्याला काही कळत नाही ही गोष्ट त्यांनी घरीसुद्धा कुणाला सांगितली नाही.

चौथ्या महिन्यात एका सकाळी शाईचा रोलर अडकला. वैद्यांसोबत त्यांचा जोडीदार होता. दोघं एकाच वर्षी कामाला लागले होते, आणि वीस वर्षं एकाच पाळीत, बरोबरीने काम करत होते. जोडीदार यंत्राच्या पोटात हात घालून पाना लावून तयार, वैद्य फोन कानाला लावून त्याच्या डोक्यापाशी उभे. इंजिनिअरने काहीतरी सांगितलं. त्यात 'बोल्ट' आलं, 'हवेचा दाब' आलं, 'सैल' आलं. वैद्यांनी हो म्हटलं आणि जोडीदाराला सांगितलं, "कर सैल."

त्या भाषेत नकार क्रियापदाच्या शेपटीला लागतो. लिहिताना तो स्पष्ट दिसतो. बोलताना निम्मा गिळला जातो. ती सांगत होती, दाब उतरेपर्यंत बोल्ट सैल करू नका. बोल्ट फिरला तसा रोलरचा दांडा फाटकन मागे आला आणि जोडीदाराची उजव्या हाताची दोन बोटं दांडा आणि चौकटीच्या मध्ये सापडली.

हाडं मोडली होती. दवाखान्यात बोटांना सळया घातल्या. संध्याकाळी मॅनेजरसाहेब अपघाताचा कागद घेऊन आले तेव्हा वैद्य खाटेच्या पायथ्याशी उभे होते. ते बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात जोडीदार म्हणाला, "माझाच हात घसरला साहेब. घाई केली मी." साहेबांनी तसंच लिहून घेतलं.  बाहेर आल्यावर वैद्य दवाखान्याच्या आवारात किती वेळ फेऱ्या मारत होते, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

तेव्हापासून त्यांची बैठकच मोडली. जेवायला बसले की दोन घासांनी उठायचे. खिडकीशी जायचे, परत यायचे, पंखा कमी करायचे, वाढवायचे. त्यांनी तिकडच्या रेडिओचं ॲप फोनवर घेतलं आणि कानात इअरफोन घातले ते काढलेच नाहीत. दाढी करताना बातम्या, बसमध्ये बातम्या, जेवताना कुठली तरी मुलाखत. कुणीतरी सांगितलं होतं की भाषा कानावर पडत राहिली की आपोआप उमगते. महिना झाला, काही उमगलं नाही. उलट आता तो आवाज नळाच्या धारेसारखा झाला, चालू आहे एवढंच कळायचं. घरात मात्र कुणी काही विचारलं तर ते दोनदा 'काय?' म्हणायचे आणि तिसऱ्यांदा चिडायचे.

वैद्यांच्या पत्नीला आजूबाजूचे लोक स्टेनोबाई म्हणत. न्यायालयात साक्षीपुराव्याची लघुलिपी घेण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती, आणि दोन वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या होत्या. बाई कमी बोलत. एका रविवारी दुपारी त्यांनी नवऱ्याच्या कानातली एक वायर काढून स्वतःच्या कानाला लावली, थोडं ऐकलं आणि विचारलं, हे काय सांगतायत? वैद्य म्हणाले, राजकारणाचं काहीतरी. बाई म्हणाल्या, काहीतरी म्हणजे काय? वैद्यांना सांगता येईना. आणि मग, इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. फोनवरचे हो हो, बोल्ट, बोटं, घसरलेल्या हाताची खोटी नोंद. बोलताना ते खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. बाईंनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. सगळं झाल्यावर म्हणाल्या, "आधी बसा. आणि ते बंद करा. एवढं ऐकणं म्हणजे न ऐकणंच आहे."

बाईंना त्या भाषेतलं एक अक्षर येत नव्हतं. पण ऐकण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी एकाच मिनिटाचा तुकडा निवडायला सांगितला. यंत्राच्या कंपनीने आपल्या कारागिरांसाठी ध्वनिफिती काढल्या होत्या, सोबत लिखित मजकूरही होता; त्यातला एक घेतला. लावण्याआधी बाईंनी कागद पुढे केला. विषय रोलर धुण्याचा आहे ना? मग तो माणूस काय काय बोलेल, ते आधी लिहा. वैद्यांना हा पोरखेळ वाटला, पण त्यांनी लिहिलं: पाणी, फडका, हातमोजे, वेळ किती, काय करू नये. बाई म्हणाल्या, न्यायालयात जमिनीचा खटला असला की त्या सकाळीच मनात हद्द, कुंपण, मोजणी, वारस असे शब्द घोळवून जायच्या. येणारा पाहुणा माहीत असला की दार उघडायला वेळ लागत नाही.

मग तुकडा लावला. पहिल्या वेळी लिहायचं नाही, नुसतं ऐकायचं. दुसऱ्या वेळी ऐकू येईल ते लिहायचं, सुटेल तिथे रेघ मारायची आणि मागे वळून बघायचं नाही. इथे वैद्यांची फार ओढाताण झाली. एक शब्द सुटला की त्यांचा हात थांबायचा, जीव त्या रेघेत अडकायचा. बाई समोर बसून हे बघत होत्या.

"तुम्ही सुटलेल्या शब्दाचं सुतक पाळत बसता," त्या म्हणाल्या. "तोवर पुढचे चार जण निघून जातात. जाऊ द्या त्याला. पुढच्यांवरून तो कोण होता ते कळतं."

पाच वेळा ऐकल्यावर त्यांनी लिखित मजकूर उघडला आणि ताडून बघितलं. एकशे दहा शब्दांतले त्रेचाळीस सुटले होते. बाईंनी विचारलं, यातले तुम्हाला मुळात माहीत नसलेले किती? वैद्यांनी बोटाने मोजले. दोन. ते कागदाकडे बघत राहिले. एकेचाळीस शब्द रोजचे, सहा वर्षं डोळ्यांखालून गेलेले, आणि कानाला त्यांची ओळखही नव्हती. दोन शब्द एकमेकांत शिरून तिसराच आवाज झाला होता. शेवटची अक्षरं गिळली होती. आणि नकार तर अगदीच पुसट होता, जिभेने टाळूला शिवल्यासारखा.

"म्हणजे तुम्हाला येतं," बाई म्हणाल्या, "पण ऐकू येत नाही. हे दोन वेगळे आजार आहेत."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पाऊण तास. एक तुकडा, आधी अंदाज, मग ऐकणं, लिहिणं, ताडणं. सुटलेल्या शब्दांची वही वेगळी. त्यात अर्थ लिहायचा नाही, तो शब्द कानाला कसा लागला ते आपल्या लिपीत लिहायचं. मग त्या माणसाच्या जोडीने, त्याच्याच वेगाने, त्याच्यासारखंच शब्द गिळत बोलायचं. बाईंचं म्हणणं, जे तोंडाला जमतं ते कान लवकर ओळखतो. वैद्य स्वयंपाकघरात उभे राहून यंत्र धुण्याच्या सूचना परदेशी भाषेत भराभरा म्हणत. मुलगी सुट्टीला घरी आली होती, ती दारातून ऐकत राहिली आणि आईला म्हणाली, बाबा कुणाशी भांडतायत? सुटलेल्या शब्दांचा आकडा तिसऱ्या आठवड्यात पंचविसावर आला आणि तिथेच अडून बसला. वैद्य पुन्हा फेऱ्या मारू लागले. मग बाईंनी तुकडे बदलले. एवढे दिवस एकाच माणसाचा आवाज ऐकत होतात, म्हणाल्या, आता म्हातारा घ्या, बाई घ्या, बोबडा मिळाला तर तोही घ्या. आकडा एकदम साठावर गेला. हळूहळू उतरला.

पण घरी ऐकणं वेगळं आणि फोनवर वेगळं. घरी मागे जाता यायचं. हे वैद्यांनी बोलून दाखवलं तेव्हा बाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या की एकतीस वर्षांत त्यांचेही शब्द सुटले आहेत. पण साक्ष संपली की त्या ती वाचून दाखवत, साक्षीदार 'बरोबर' म्हणाला तरच खाली सही होत असे. एकदा एका साक्षीदाराने 'पाहिलं' म्हटलेलं त्यांनी 'पाहिलं नाही' असं घेतलं होतं. वाचून दाखवलं म्हणून एक माणूस वाचला. "तुमचं सगळं त्या 'हो'ने बिघडवलंय," त्या म्हणाल्या. "हो म्हणू नका. काय कळलं ते म्हणा."

वैद्यांना हे सगळ्यांत जड गेलं. शब्द पाठ करणं सोपं होतं. अठ्ठावीस वर्षांच्या मानाचा माणूस फोनवर 'थांबा, मला कळलं नाही' कसा म्हणणार?

जोडीदार तीन महिन्यांनी कामावर परतला. बोटं पूर्ण मिटत नव्हती. त्याने पाना धरायची नवी तऱ्हा बसवली होती, अंगठा आणि तळव्याच्या मध्ये. वैद्य त्या हाताकडे बघायचं टाळत. पंधरा दिवसांनी सुकवणीच्या भागात बिघाड झाला. छापलेलं खोकं जिथे गरम रोलरांमधून जातं तो भाग. झाकण उघडून आतला सेन्सर बदलायचा होता. जोडीदार हातमोजे घालून झाकणापाशी उभा राहिला आणि वैद्यांनी फोन लावला.

या वेळी इंजिनिअर दुसरी होती. तरुण, भरभर बोलणारी, आवाज पातळ. तिचं पहिलंच वाक्य वैद्यांच्या डोक्यावरून गेलं. तरी त्यांनी आधीच कागदावर लिहून ठेवलं होतं: वीज, थंड होणं, किती वेळ, कुठलं झाकण. ते एकेक येताना दिसलं. वीज बंद. डावं झाकण. थांबा. चौदा मिनिटं. ती बोलायची थांबली. फोनवर शांतता पसरली, आणि त्या शांततेत 'हो' अगदी ओठांवर आला. वैद्यांनी जीभ चावली. मग अडखळत, एकेक शब्द जुळवत, त्या भाषेत म्हणाले, "मला कळलं ते सांगतो. बरोबर आहे का ते सांगा. मुख्य वीज बंद करायची. डावं झाकण उघडायचं. त्याआधी चौदा मिनिटं थांबायचं."

पलीकडून लगेच आलं, "नाही. चाळीस. चाळीस मिनिटं."

त्या भाषेत चौदा आणि चाळीस यांच्यात फक्त शेवटच्या हेलाचा फरक आहे. वैद्यांनी जोडीदाराकडे पाहिलं. त्याने एक हात झाकणाच्या कडीवर ठेवला होता. "हात काढ," वैद्य म्हणाले. "चाळीस मिनिटं थांबायचंय." त्यांनी तिला आकडा सुटा करून, चार आणि शून्य असा सांगायला लावला, मगच फोन ठेवला. रोलरच्या आत तेव्हा उकळत्या पाण्याच्या दुप्पट तापलेलं तेल होतं.

ती चाळीस मिनिटं वैद्य एका जागी थांबले नाहीत. यंत्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात राहिले. एवढ्या अभ्यासानंतरही कानाने चूक केलीच होती. फक्त ती या वेळी बाहेर येऊन उभी राहिली. आणि मागच्या वेळी हेच चार शब्द परत म्हटले असते तर, हे त्यांच्या मनातून जाईना. सेन्सर बदलला, यंत्र चालू झालं, आणि ते हातही न धुता थेट मॅनेजरसाहेबांच्या खोलीत गेले. म्हणाले, त्या अपघाताच्या कागदावर लिहिलंय ते खोटं आहे. हात घसरला नव्हता. मी चुकीचं ऐकलं आणि चुकीचं सांगितलं.

साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. कागद दुरुस्त झाला. वैद्यांना लेखी ताकीद मिळाली, अठ्ठावीस वर्षांतली पहिली. कारखान्याने नियम केला की फोनवरची प्रत्येक सूचना परत म्हणून दाखवायची, तिकडून होकार आल्यावर फळ्यावर लिहायची आणि मगच पाना उचलायचा. वैद्यांना वाटलं होतं फोनचं काम काढून घेतील. साहेबांनी ते त्यांच्याकडेच ठेवलं. आपण काय ऐकलं ते परत म्हणून दाखवणारा माणूस आज तुमच्याशिवाय माझ्याकडे नाही, असं ते म्हणाले.

जोडीदार मात्र बिथरला. "मी तुझ्यासाठी खोटं बोललो," तो म्हणाला, "आणि तू जाऊन मलाच खोटारडा ठरवलंस. मला विचारलंस तरी का?"  वैद्यांनी विचारलं नव्हतं हे खरंच होतं. दोन महिने दोघं कामापुरतं बोलले. डबा वेगवेगळ्या बाकांवर उघडला. वैद्य दोनदा त्याच्या घरी जाऊन आले. दोन्ही वेळा त्याच्या बायकोने चहा दिला आणि तो आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. मग एका सकाळी तो स्वतःच यंत्रापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, तुझा तो नकार कसा ऐकू येतो, मला ऐकव. निदान तुझ्या शेजारी उभा असताना मला तेवढा तरी कळू दे. वैद्यांनी फोन काढून त्याला तो आवाज ऐकवला. पंधरा-वीस वेळा. शेवटी जोडीदाराच्या लक्षात आलं, आणि त्यानंतर फोन चालू असताना तोही कान टवकारून उभा राहू लागला.

वर्षभराने एका फोनवर त्या तरुण इंजिनिअरने वैद्यांना जरा थांबायला सांगितलं आणि फोन न झाकताच आपल्या सहकाऱ्याला काहीतरी म्हणाली. भरभर, हलक्या आवाजात, त्यांच्यासाठी नसलेलं. वैद्य काही ठरवून ऐकत नव्हते. पण ते वाक्य पुरतं कानात शिरलं: हा तोच म्हातारा, प्रत्येक वाक्य परत म्हणणारा. त्यांचे कान तापले. आणि त्याच क्षणी त्यांना जाणवलं की यात एकही रेघ मारावी लागली नाही.

घरी येऊन त्यांनी हे बाईंना सांगितलं. सांगतानाही ते उभेच होते. बाईंनी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात?

"म्हटलं, हो, तोच. बोला पुढे."

बाई हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या. वैद्यांनी डबा घासायला टाकला, टेबलावरची वही उघडली आणि त्या वाक्यातला 'म्हातारा' हा शब्द बोलताना कसा लागला ते लिहून ठेवलं. मग दोन मिनिटं बसले, पुन्हा उठले आणि खिडकीपाशी जाऊन ते वाक्य तिच्याच वेगाने म्हणून बघू लागले.